परीक्षा आली की पोट दुखतं, मग ते सोंग का?

प्रश्न: मुलगा ९ वर्षांचा आहे, तीन महिने झाले बेंबीच्या वर दुखतं म्हणतो. एंडोस्कोपीत जठराला सूज निघाली. डॉक्टर बोलता बोलता म्हणाले की पोटातल्या नसांमधली न्यूरोपेप्टाइडं पण सूज वाढवतात. सासूबाईंचं म्हणणं, परीक्षा आली की याचं दुखणं सुरू होतं, म्हणजे शाळा बुडवायचं सोंग. काय समजायचं?

उत्तर: सासूबाईंनी बघितलंय ते बरोबर आहे हो, पण सोंग नाही ते. आपल्या जठर-आतड्यांच्या भिंतीत नसांचं स्वतंत्र जाळं असतं, कोट्यवधी पेशींचं, आणि त्या पेशी एकमेकींना निरोप देतात त्यात ही न्यूरोपेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांसारखी रसायनं, येतात. त्यातलं सगळ्यात जुनं ओळखीचं म्हणजे सबस्टन्स पी, १९३१ साली ऑयलर आणि गॅडम या शास्त्रज्ञांना घोड्याच्या मेंदूत आणि आतड्यात सापडलेलं. नसेच्या टोकातून हे सुटलं की आजूबाजूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पाझरायला लागतात, शेजारच्या मास्ट पेशी (अ‍ॅलर्जीत काम करणाऱ्या संरक्षक पेशी) हिस्टामिन हे सूज आणणारं रसायन ओततात, ते परत त्याच नसेला डिवचतं आणि पुन्हा सबस्टन्स पी सुटतं, असं चक्र चालूच राहतं. त्यामुळे सूज ओसरली तरी नसा काही दिवस हळव्याच राहू शकतात. (ठेच्यातलं कॅप्सेसिनही हीच टोकं डिवचतं, तेव्हा सध्या ठेचा मोठ्यांच्याच ताटात असू दे.)

परीक्षेचं काय, तर टेन्शनमध्ये सीआरएच नावाचं पेप्टाइड सुटतं आणि तेही आतड्यातल्या मास्ट पेशींना चेतवू शकतं. उलट व्हीआयपी नावाचं पेप्टाइड सूज शांत करायला मदत करतं, फक्त ते फार झालं की आतड्यात पाणी सुटून जुलाब होतात.

पण म्हणून नसांवर सगळं ढकलू नका. सूज मुळात कशाने आली ते शोधायला हवं: एच पायलोरी हा जठरातला जंतू आहे का, तापासाठी आयबुप्रोफेन वारंवार दिलं गेलं का, गव्हाचा त्रास म्हणजे सिलिअ‍ॅक आहे का. बायॉप्सी (तपासायला काढलेला छोटा तुकडा) घेतली असेल तर तो रिपोर्ट डॉक्टरांना नक्की विचारा. न्यूरोपेप्टाइडची रक्ततपासणी कुणी सुचवली तर त्याने याची ट्रीटमेंट काय बदलणार ते आधी विचारा. सबस्टन्स पी अडवणारं अ‍ॅप्रेपिटंट हे औषध आहे खरं, पण ते केमोच्या उलट्यांसाठी वापरतात, यासाठी नाही.

वजन घटतंय, शौचातून रक्त, हिरवी उलटी, दुखण्याने रात्री झोपमोड, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, आणि हिरवी किंवा रक्ताची उलटी असेल तर सरळ हॉस्पिटल गाठा.