वेग थोडा बाजूला ठेव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तबल्याचा रेला (जलद बोलांची सलग रचना) ऐकला. हाताला वेग आलाय, त्याचा आनंद आहे. पण त्या वेगात ‘तिरकिट’ या बोलातला ‘ट’ कुठे गेला? म्हणून आज थोर तबलावादक उस्ताद अहमदजान थिरकवाँविषयी लिहितो.

खाँसाहेब मुरादाबादचे, पण तालीम झाली मुंबईत, मुनीर खाँ यांच्याकडे. बोटं तबल्यावर थिरकतात म्हणून ‘थिरकवा’ हे नाव पडलं. मुनीर खाँनी अनेक उस्तादांकडून विद्या मिळवली होती, त्यामुळे दिल्ली, अजराडा, फरुखाबाद असे वेगवेगळे बाज, म्हणजे वादनशैली, शिष्याच्या हाती आले. मात्र खाँसाहेबांच्या हातात या बाजांची खिचडी कधी झाली नाही. दिल्लीचा कायदा (विस्तार करण्याजोगी बोलरचना) सुरू असला की दोन बोटांचं काम आणि चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा, नेमका नाद. पूरबची, म्हणजे लखनौ-फरुखाबादकडची, गत (बांधीव रचना) आली की पंजा खुलायचा, लव (चाट आणि शाई यांमधली जागा) बोलू लागायची. बाज बदलला हे ऐकणाऱ्याला निकासावरूनच, म्हणजे बोल काढण्याच्या पद्धतीवरूनच, कळायचं.

आता मला खरं सांगायचंय ते. स्वतंत्र वादनात ज्यांचा दरारा होता, ते खाँसाहेब गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना साथ करत. तिथे श्रोते यायचे गाणं ऐकायला. गाणारा एखाद्या शब्दापाशी रेंगाळला, भावासाठी लय किंचित सैल सोडली, तर ठेक्याने त्याला सांभाळायचं. ओळ संपली की जरा लग्गी (चटपटीत, हलके बोल), आणि पुढचा शब्द यायच्या आत पुन्हा जागेवर. कुठे वाजवायचं नाही, हे अशा साथीत कळतं. त्यांच्या तबल्याला जो गाता गोडवा होता, त्यात रंगभूमीचा वाटा मोठा आहे असं मला मनापासून वाटतं. (आपल्याकडचे कितीतरी तबलावादक आजही नाट्यपदाची साथ दुय्यम समजतात, याचं वाईट वाटतं.)

पुढे रामपूर दरबार, मग लखनौच्या भातखंडे महाविद्यालयात अध्यापन, 1970 मध्ये पद्मभूषण. 1976 मध्ये ते गेले. त्यांची उतारवयातली ध्वनिमुद्रणं मिळव आणि नुसता पेशकार, म्हणजे वादनाची सुरुवातीची संथ रचना, ऐक. दोन बोलांमधली जागा ते किती निवांतपणे मोकळी ठेवतात बघ. तरी सम (तालाची पहिली मात्रा) अशी येते की मान आपोआप हलते.

तर सध्या रेला बंद. ‘धाधा तिट धाधा तिंना’ बरोबरीच्या लयीत घे, आधी पढंत (तोंडाने बोल म्हणणं), मग हात. खालीच्या (तालाच्या टाळीविना) भागात डग्गा मिटल्यावर भार हलका झालेला तुझ्या कानाला कळतोय का, ते बघ. शेजारच्या खोलीत बसलेल्याला अक्षरन्अक्षर लिहून घेता येईल, तेव्हाच दुपट कर. आणि एखाद्या गाणाऱ्या मित्राला गाठून त्याच्या बड्या ख्यालाला संपूर्ण वेळ तिलवाडा तालाचा नुसता ठेका धर, एकही तुकडा न घेता. त्याला गाताना कसं वाटलं ते त्यालाच विचार, आणि मला कळव.