पिंग मधूनच उसळतो, दोष कुठे शोधायचा?

प्रश्न : काजू प्रक्रियेच्या आमच्या छोट्या कारखान्यात ऑफिस, काटा आणि गोदाम मिळून वीसेक कॉम्प्युटर आणि आठ कॅमेरे आहेत. बिनपंख्याच्या मिनी पीसीवर पीएफसेन्स हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर बसवून तोच फायरवॉल, म्हणजे इंटरनेटच्या तोंडाशी बसलेला पहारेकरी, म्हणून वापरतो. फायबर लाइनचा वेग डाउनलोडला ५० आणि अपलोडला १० एमबीपीएस आहे. एरवी फायरवॉलचा पिंग, म्हणजे चाचणीच्या पाकिटाचं उत्तर यायला लागणारा वेळ, १ मिलिसेकंदाच्या आत असतो. पण दिवसातून काही वेळा तो अचानक ४०० ते ९०० वर जातो, दहा-पंधरा सेकंद तसाच राहतो आणि आपोआप खाली येतो. तेवढ्यात टॅली अडकतं, इंटरनेटवरच्या फोनचा आवाज तुटतो. दुकानदार म्हणतो, फायरवॉल बदला. बदलू का?
— एक वाचक, वेंगुर्ले

आत्ता बदलू नका. तुमच्या पत्रात टॅलीचा उल्लेख आहे आणि तपास तिथूनच सुरू व्हायला हवा. टॅलीचा डेटा ज्या कॉम्प्युटरवर आहे तो आणि बाकीचे कॉम्प्युटर एकाच नेटवर्कमध्ये, म्हणजे एकाच आयपी पट्ट्यात असतील, तर त्यांची आपसातली ये-जा स्विचवरूनच होते, फायरवॉलपर्यंत जातच नाही. अशा मांडणीत टॅली अडकत असेल तर पहिला संशय स्विच आणि केबलवर घ्यायचा. एक अपवाद आहे: डेटाचा पत्ता सर्व्हरच्या नावाने दिला असेल आणि ते नाव कोणत्या आयपीचं हे फायरवॉल सांगत असेल, तर फायरवॉल अडखळला की टॅलीही थबकतं. म्हणून नावाऐवजी आयपी टाकून दोन दिवस वापरून बघा. डेटा वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच स्विचवर वेगळ्या काढलेल्या नेटवर्कवर) किंवा क्लाउडवर असेल तर मात्र वाट फायरवॉलमधूनच जाते.

आता मोजणी. वाय-फायवरून मोजू नका. वाय-फायचा पिंग स्वतःच नाचतो. केबलने जोडलेल्या एका कॉम्प्युटरवरून चार ठिकाणी एकाच वेळी, दर सेकंदाला एक पिंग चालू ठेवा: त्याच स्विचवरचा दुसरा कॉम्प्युटर, फायरवॉलचा आतला पत्ता, इंटरनेट कंपनीचा पहिला गेटवे (लाइनच्या पलीकडचं पहिलं यंत्र) आणि गूगलचा ८.८.८.८ हा पत्ता. विंडोजचा साधा पिंग घड्याळाची वेळ छापत नाही, म्हणून पिंगइन्फोव्ह्यूसारखं अनेक पत्ते एकत्र मोजणारं साधन घ्या आणि निकाल फाइलमध्ये साठवा. कामाचा एक पूर्ण दिवस चालू द्या. उसळीची नेमकी वेळ, अगदी मिनिटापर्यंत, हाती असल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

शेजारचा कॉम्प्युटरही त्याच क्षणी उसळला, तर केबल किंवा स्विच. पीएफसेन्सच्या स्टेटस मेनूत ‘इंटरफेसेस’ उघडा. गिगाबिट फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी चालणाऱ्या) जोडणीत कोलिजन, म्हणजे पाकिटांच्या टकरी, शून्यच असायला हव्यात. इनपुट एरर तासागणिक वाढत असतील तर केबल खराब समजा. जोडणी १००० ऐवजी १०० वर आली असेल तर बहुधा आठपैकी एखादी तार सुटलेली असते. आठ कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आणि ऑफिसचं काम दोन स्विचमधल्या त्याच १०० एमबीपीएसच्या दुव्यावरून जात असेल, तर कॅमेऱ्यात हालचाल वाढली की दुवा भरतो आणि मागचे सगळे खोळंबतात.

आपल्या किनाऱ्यावर कनेक्टर खारट हवेने खराब होतात आणि हे कारण सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतं. कनेक्टर काढून उजेडात धरा. आठ सोनेरी पात्यांपैकी एखादीवर हिरवट-निळसर थर किंवा काळा ठिपका दिसला तर तो सांधा गेला. हवा दमट झाली की अशी जोडणी क्षणभर तुटते, पुन्हा वेग ठरवते, पुन्हा तुटते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारल्याने चार दिवस बरं वाटतं, दोष जात नाही. केबल मागे १० ते १५ सेंटीमीटर कापा. आतलं तांबं काळं पडलेलं दिसलं तर लख्ख तांबं लागेपर्यंत आणखी कापा आणि नवा कनेक्टर क्रिंप करा. तार ब्लेडने जरा खरवडा: आत चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची आहे, आणि अशी पूर्ण केबल बदलणंच बरं. स्विचचं पोर्टही टॉर्च मारून बघा. त्यातल्या तारा गंजल्या असतील तर ते पोर्ट कायमचं सोडून द्या, नाहीतर नवा कनेक्टरही तिथे टिकणार नाही.

शेजारचा कॉम्प्युटर शांत आणि फक्त फायरवॉल उसळतो, असं निघालं तर उसळीच्या वेळा कागदावर मांडा. दर तासाला ठरलेल्या मिनिटाला असेल तर पीएफब्लॉकरच्या (नको असलेले पत्ते अडवणाऱ्या जोड-प्रोग्रामच्या) याद्या ताज्या होण्याची वेळ तपासा. दर पंधरा मिनिटांनी असेल आणि तुम्ही वेळापत्रक लावलेले नियम वापरत असाल, तर नियम पुन्हा चढवण्याचं काम तेव्हा होतं. डायग्नोस्टिक्समधलं ‘सिस्टिम अॅक्टिव्हिटी’ पान उघडं ठेवा आणि उसळी आली की यादीत सर्वांत वर कोण आहे ते वाचा. पीएफसीटीएल (नियम चढवणारी आज्ञा) असेल तर नियमांचा किंवा मोठ्या याद्यांचा भार, सुरिकाटा (घुसखोरी पकडणारा प्रोग्राम) असेल तर तपासणीचा, इंटरप्ट असेल तर नेटवर्क कार्डाचा. तुमच्याकडे अजून पीएफसेन्सची २.४.५ आवृत्ती असेल तर आधी ती बदला. २०२० साली आलेल्या त्या आवृत्तीत मोठ्या याद्या चढवताना अनेक कोअर असलेल्या मशिनवर हाच त्रास व्हायचा; त्याच वर्षी आलेल्या २.४.५-पी१ मध्ये तो दुरुस्त झाला.

रिअलटेकचं कार्ड असेल तर सिस्टिम लॉगमध्ये ‘वॉचडॉग टाइमआउट’ शोधा. ते सापडलं तर रिअलटेकचा वेगळा ड्रायव्हर बसवा किंवा इंटेलचं कार्ड घ्या. बिनपंख्याचा बॉक्स बंद कपाटात असेल तर तापमानही बघा. प्रोसेसर तापला की वेग आपोआप उतरवतो. बायोसमधल्या वीजबचतीला मात्र पहिल्याच दिवशी हात घालू नका. तिच्यामुळे पिंग थोडा थरथरेल, ९०० वर जाणार नाही.

तुमचं वर्णन वाचून आमचा कल आणखी एका साखळीकडे आहे. अपलोडला १० एमबीपीएस म्हणजे लहान तोंड. कॅमेऱ्यांची क्लिप किंवा हिशेबाचा बॅकअप क्लाउडवर जायला लागला की मोडेमच्या बफरमध्ये पाकिटांची रांग लागते. बफर फक्त १ एमबीचा धरला तरी तो ८० लाख बिटांचा होतो आणि १० एमबीपीएसने रिकामा व्हायला ०.८ सेकंद, म्हणजे ८०० मिलिसेकंद लागतात. पीएफसेन्स दर अर्ध्या सेकंदाला गेटवेची चाचणी घेतं आणि एका मिनिटाची सरासरी बघतं. विलंब ५०० मिलिसेकंदांच्या किंवा गळती २० टक्क्यांच्या पुढे गेली की मूळ सेटिंगप्रमाणे ते गेटवे बंद धरतं आणि नियम पुन्हा चढवतं, काही सेवाही पुन्हा सुरू करतं. दुबळ्या प्रोसेसरला तेवढ्याने धाप लागते आणि आतला पिंगही उसळतो. दोष बाहेर, लक्षण आत. लॉगमधल्या ‘गेटवेज’ टॅबमध्ये त्याच मिनिटाला अलार्म दिसला तर हीच साखळी.

उपाय दोन, आणि दोन्ही फुकट. एकच लाइन असल्याने गेटवेच्या पानावर ‘डिसेबल गेटवे मॉनिटरिंग अॅक्शन’वर टिक करा, मोजणी चालू राहते, कारवाई थांबते. मग ट्रॅफिक शेपरमध्ये दोन लिमिटर, म्हणजे वेगाच्या मर्यादा, करा: अपलोड ९, डाउनलोड ४५, शेड्यूलर एफक्यू-कोडेल (रांग लांबू न देता सगळ्यांना पाळीपाळीने सोडणारी पद्धत). वॅनवर (इंटरनेटकडच्या पोर्टवर) बाहेर जाणाऱ्या दिशेचा फ्लोटिंग नियम करून त्यात गेटवे निवडा आणि आधी अपलोडची, नंतर डाउनलोडची रांग जोडा. स्पीड टेस्टमध्ये डाउनलोड ९ च्या आसपासच अडकला तर रांगा उलट्या लागल्यात. हे आकडे लाइनच्या छापील वेगावरून काढलेत. तुमच्या लाइनचा वेग संध्याकाळी पडत असेल तर त्या वेळी मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के धरा, नाहीतर रांग पुन्हा मोडेममध्येच लागेल.

एका वेळी एकच बदल आणि त्यानंतर पूर्ण दिवसाची मोजणी. दोन बदल एकत्र केले की कशाने फरक पडला ते कळत नाही.

प्रश्न : आमच्या न्याहारी निवासात पाहुण्यांच्या मोबाइलवर पिंग ५ वरून २०० वर उड्या मारतो. फायरवॉलमधून मर्यादा घालायची का?
— एक वाचक, तारकर्ली

आधी लॅपटॉप केबलने जोडून बघा. तिथे पिंग स्थिर असेल तर फायरवॉल निर्दोष आहे. मोबाइल बॅटरी वाचवायला वाय-फायचा रेडिओ मधूनमधून झोपवतो आणि अशा वेळी शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज येतात. त्याचा बाऊ करू नका. व्हिडिओ कॉल खरंच तुटत असेल तर चिऱ्याच्या भिंती बघा: जाड चिरा, त्यात पावसाने मुरलेलं पाणी, पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल पलीकडे जेमतेम पोचतो. पडवीत केबलने जोडलेला वेगळा अॅक्सेस पॉइंट लावा. बिनतारी रिपीटर टाळा, तो विलंबात भरच घालतो. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक ठेवा.

प्रश्न : ऑफिसपासून आंब्याचं पॅकिंग शेड १४० मीटरवर आहे. कॅट-६ केबल टाकली, चालते. पण मधूनच दोन-तीन सेकंद सगळं थांबतं. फायरवॉलच्या लॉगमध्ये काही नाही.
— एक वाचक, देवगड

लॉगमध्ये काही सापडणारही नाही. तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर आहे. त्यापुढे कधी चालते, कधी नाही. ऊन-पावसाने तार तापली-भिजली की कुरकुर वाढते. त्यात दोन इमारतींमधली उघडी तांब्याची तार वळवाच्या विजांना वाट करून देते आणि दोन्ही टोकांचे स्विच जातात. सिंगल मोड फायबर टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा प्रकाश आणि तांब्याचा सिग्नल यांची अदलाबदल करणारा डबा) किंवा एसएफपी पोर्टचा, म्हणजे फायबर थेट जोडता येणारा, स्विच लावा. धातूची तार नसलेली फायबर केबल मागा, म्हणजे विजेची वाटच बंद होते. चार कोअरची (चार तंतूंची) घ्या, दोन राखीव राहतील. झाडावरून नेणार असाल तर वाऱ्याने ताण येणार नाही इतका झोल ठेवा, आणि शेडच्या बाजूचा कन्व्हर्टर झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून वर, छोट्या यूपीएसवर बसवा.