बेसाचा फ्लॅट आणि वैमानिकाचा बेस

प्रश्न : मुलगी बारावी सायन्स झाली, 68 टक्के. तिला पायलट व्हायचं आहे. खर्चाची तयारी आहे. अट एकच, नोकरी नागपुरात राहून करायची. छोट्या विमानांच्या कंपनीत लागली की रोज संध्याकाळी घरी येता येतं असं कळलं, म्हणून बेसा इथे विमानतळाजवळ तिच्यासाठी टू बीएचके बुक करून टोकनही दिलं. नाहीच जमलं तर ड्यूटी हैदराबादची घेऊन ती नागपूरहून ये-जा करेल, सव्वा तासाचं तर विमान आहे. मुलगा असता तर कुठेही पाठवला असता. 68 टक्क्यांवर होईल का?
– एक वडील, मनीषनगर, नागपूर

भाऊ, 68 टक्क्यांवर होईल. काही संस्था किमान टक्के मागतात, पण 68 ला घाबरायचं कारण नाही. बारावीला फिजिक्स-मॅथ्स, वैद्यकीय तपासणी, डीजीसीए म्हणजे देशाच्या विमान वाहतूक नियामकाचे पेपर, 200 तासांचं उड्डाण आणि मग सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, हा रस्ता तुम्हाला कुठलीही संस्था सांगेल.

मी तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर अडलो आहे. ‘मुलगा असता तर कुठेही पाठवला असता.’ हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण ती अट, तो फ्लॅट, ती ये-जा सगळं त्या वाक्यातूनच आलं आहे. तिला काय हवं, कुठे राहायला आवडेल, यावर तिचा एक शब्दही पत्रात नाही. फ्लॅट मात्र आहे. सरकारने संसदेत सांगितल्याप्रमाणे आपल्या देशात वैमानिकांमध्ये सुमारे 15 टक्के स्त्रिया आहेत, जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट. या मुली आपल्यासारख्याच घरांतून गेल्या आहेत. पहाटे तीनला परक्या शहरातल्या खोलीतून निघून, टॅक्सीत बसून त्यांनी विमानतळ गाठला आहे. तुमची काळजी मला कळते, मीही याच शहरातला आहे. पण ज्या मुलीने रात्री बाहेर राहू नये असं तुम्हाला वाटतं, तिच्या हाती सत्तर प्रवाशांचं विमान द्यायला तुम्ही निघाला आहात. या दोन गोष्टी एका घरात नांदणार नाहीत.

आता तो गैरसमज. रीजनल, म्हणजे छोट्या शहरांना जोडणारं छोटं विमान म्हणजे रोज संध्याकाळी घरी, हे तुम्हाला कोणी सांगितलं माहीत नाही, पण ते खरं नाही. एसटीचं उदाहरण घ्या. मुक्कामी गाडी रात्री खेड्यात थांबते, सकाळी निघते. म्हणून तिचा ड्रायव्हर त्या गावचा होत नाही, तो डेपोचा असतो. विमान कंपनीचा डेपो म्हणजे बेस. ड्यूटी जिथे सुरू होते आणि जिथे संपते ती जागा कंपनी ठरवून देते. बाहेरगावी मुक्काम पडला तर हॉटेल कंपनीचं, बेसवरचं घर मात्र ज्याचं त्याने पाहायचं. आपल्याजवळचंच पाहा. 16 एप्रिल 2025 ला अमरावतीचा बेलोरा विमानतळ सुरू झाला आणि मुंबईचं एटीआर, म्हणजे सत्तरेक प्रवाशांचं पंख्याचं विमान, तिथे उतरलं. ते मुंबईहून येतं आणि मुंबईला परततं. विमान आलं म्हणजे बेस आला असं होत नाही. शिवाय एटीआरचे टप्पे छोटे, त्यामुळे एका दिवसात चार-चार उड्डाणं होतात. पहाटेची ड्यूटी असते, मुक्कामही असतात. आणि छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या सरकारच्या उडान योजनेतल्या मार्गांना तूट भरून देणारं सरकारी अनुदान 3 वर्षांचं असतं. ते संपल्यावर मार्ग परवडला नाही तर विमान दुसरीकडे जातं. 3 वर्षांच्या मार्गाच्या भरवशावर 20 वर्षांचं गृहकर्ज घेऊ नका.

नागपूरहून हैदराबादला ये-जा करायचा तुमचा बेत तर मला सगळ्यात जास्त खटकला. कर्मचाऱ्याचं तिकीट बहुधा जागा उरली तर मिळतं. सणासुदीला ती उरत नाही. मग पहाटे पाचच्या ड्यूटीसाठी आदल्या संध्याकाळीच निघावं लागेल, आणि नियमाने मिळालेली विश्रांती प्रवासात जाईल. डीजीसीएने साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 केली ती झोपेसाठी. अमेरिकेत 12 फेब्रुवारी 2009 ला कोलगन एअरचं रीजनल विमान बफेलोजवळ कोसळलं. विमानातले 49 आणि जमिनीवरचा एक, असे 50 जण गेले. सहवैमानिक सिएटलला राहत होती आणि बेस होता नेवार्कला, देशाच्या दुसऱ्या टोकाला. आदल्या रात्री ती विमानं बदलत नेवार्कला पोहोचली होती. अपघाताचं मुख्य कारण कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया हेच ठरलं, पण दोघांच्याही कामावर थकव्याचा परिणाम झाला असावा असं चौकशी अहवालात नोंदलं आहे. पुढे तिथे विश्रांतीचे नियम बदलले. घर बेसपासून दीड तासाहून लांब असेल तर जवळ तात्पुरती सोय करावी, असं युरोपातलं मार्गदर्शन आहे. तुमच्या बेतात दर ड्यूटीला विमान पकडून कामावर जायचं आहे!

म्हणून टोकन परत मिळत असेल तर या आठवड्यातच मागा. प्रशिक्षणाचाच खर्च पन्नास लाखांच्या पुढे जातो, एटीआर किंवा एअरबसचं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान चालवण्याचं वेगळं प्रशिक्षण, त्याहून वेगळं. डोक्यावर दोन कर्जं घेऊन बसलेल्या बापाची मुलगी मिळेल तो बेस मोकळ्या मनाने घेऊ शकत नाही. आणि नोकरीची सुरुवात बहुधा मिळेल त्या बेसवरच होते. बदली मागता येते, पण जागा निघाली तर. पहिली दोन वर्षं भाड्याने राहावं, सोबतच्या मुलींबरोबर, विमानतळापासून इतक्या जवळ की पहाटे साडेतीनलाही सुरक्षित पोहोचता येईल. पगार जमू लागला, बेस पक्का वाटला की घराचं पाहावं, आणि ते तिने पाहावं. शिकतानाही ती घराबाहेरच राहील. गोंदियाच्या बिरसीच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेत गेली तरी आणि उत्तर प्रदेशात अमेठीजवळच्या फुरसतगंजच्या संस्थेत गेली तरी हॉस्टेलच.

नागपूर सोडायचंच नाही हा हट्ट कायम असेल, तर मिहानमध्ये एअर इंडियासाठी बोइंगने बांधलेलं विमानदुरुस्तीचं केंद्र आहे, 2015 पासून सुरू. एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरचं लायसन्स घेतलेल्यांना तिथे काम मिळू शकतं, आणि ते काम मानाचं आहे. पण हा पर्याय तुमच्या अटीतून निघतो. तो तिला हवा आहे का, हे तुम्ही तिला विचारलेलं नाही.

आणखी एक. फ्लॅट झाला, ये-जा ठरली, पण वैद्यकीय तपासणीचा पत्रात उल्लेख नाही. आधी क्लास टूची तपासणी, पाठोपाठ त्याहून कडक क्लास वनची. डोळे, कान, हृदय सगळं पाहतात. त्यात अडलं तर लाखो रुपये आणि दोन वर्षं वाचतील. डीजीसीएच्या यादीवरच्या डॉक्टरकडे तिला घेऊन जा. रिपोर्ट आला की पुढचं पत्र तिला लिहू द्या, तिच्या हाताने. उत्तर मी तिलाच देईन.