अकरावीच्या भूगोल क्षेत्रभेटीला कोल्हापुरातून कुठे जावे?

मुलं मोठी आहेत, तेव्हा नुसती सहल नको. सरळ प्रयाग चिखली गाठा. नद्यांचा संगम समोर, आणि महापुराचा फटका बसलेलं गाव शेजारी. २०१९ चं पाणी भिंतीवर कुठवर चढलं, जनावरं कुठे हलवली, हे मुलांनी स्वतः गावकऱ्यांना विचारावं. ती उंची टेपने मोजून वहीत नोंदवावी. प्रश्नावली मात्र आधी वर्गातच तयार करून घ्या, नाहीतर सगळा वेळ फोटो काढण्यात जातो.

परतताना पंचगंगा नदीवरचा राजाराम बंधारा बघा. इथे धोक्याची पातळी ४३ फूट धरतात. ही बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीवरची पातळी, भिंतीवरची उंची मात्र जमिनीपासूनची; दोन्ही थेट का ताडता येत नाहीत, हे मुलांना विचारा.

वेळ उरला तर पन्हाळा: खाली काळा बेसॉल्ट, वर तांबडा, भोकाभोकांचा जांभा. हात लावूनच फरक कळतो. डिसेंबर-जानेवारीत जा, पावसाळ्यात नदीकाठ अजिबात नको.