अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या इंट्राकोस्टल वॉटरवे या जलमार्गावर दोघांनीच जायचंय, पण मला बोट चालवता येत नाही. जमेल का?

जमेल. फक्त 'नवरा चालवेल, मी सोबत असेन' असं ठरवून निघू नका.

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याला बोटीचा बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे, तुम्ही मात्र बोट वळवायच्या चाकाला कधी हात लावलेला नाही, आणि या ऑक्टोबरात दोघांनीच व्हर्जिनियातल्या नॉरफोकहून मायामीपर्यंत जायचं मनात आहे. आम्ही निघालो तेव्हा माझी स्थिती थोडीफार अशीच होती. आमची ३४ फुटी जुनी ट्रॉलर, म्हणजे इंजिनवर सावकाश चालणारी बोट, पाण्याखाली ४ फूट बुडणारी. निघण्याआधीच्या उन्हाळ्यात नवऱ्याने हट्टाने मला चाकावर उभं केलं. मला तो हट्ट तेव्हा नकोसा व्हायचा. जॉर्जियात पोचल्यावर त्याची किंमत कळली.

सेंट कॅथरिन्स बेटाच्या मागच्या खाडीत आम्ही नांगर टाकला होता. पहाटे नांगराच्या साखळीवरचा चिखल धुवायला नवरा वाकला आणि त्याच्या कंबरेत अशी उसण भरली की त्याला सरळ होता येईना. कसंबसं धरून मी त्याला आत आणून झोपवलं. चहूकडे नुसतं खारं गवत, वस्ती नाही, फोनला रेंज नाही. तटरक्षक दलाला रेडिओवर हाक मारता आली असती, पण जिवाला धोका नव्हता. ब्रन्सविकला धक्का होता आणि डॉक्टरही, पण तिथवर ५०-६० मैल जायचं होतं. ते अंतर मी दोन दिवसांत कापलं. मी विचारेन त्याचं उत्तर तो पडल्या पडल्या द्यायचा, बाकी सगळं मी. त्या उन्हाळ्यात शिकले नसते तर मी काय केलं असतं, हा विचार आजही नकोसा वाटतो.

हा मार्ग सोपा वाटतो, कारण बहुतेक ठिकाणी दोन्ही बाजूंना जमीन दिसते. नद्या, खाड्या, बेटांमागचे पाण्याचे पट्टे आणि मधले खणलेले कालवे जोडून तो बनलाय. नॉरफोकला शून्य मैल, मायामीला साधारण १,०९०. हे मैल जमिनीवरचे, सागरी नव्हेत, त्यामुळे वेगाचा हिशोब करताना गफलत होऊ देऊ नका. कागदावर फ्लोरिडातल्या फोर्ट पीअर्सपर्यंत १२ फूट आणि पुढे १० फूट खोली धरलेली आहे. प्रत्यक्षात गाळ साचतो, विशेषतः साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियात, आणि तो दर वर्षी जागा बदलतो. म्हणून छापील नकाशावर विसंबू नका; लष्कराच्या अभियंता विभागाची ताजी मोजणी उतरवून घ्या आणि रोज रात्री दुसऱ्या दिवसाचा पट्टा दोघांनी मिळून वाचा. दोघांनी. आमच्याकडे सुरुवातीला हे काम त्याचंच होतं. ते मी मागून घेतलं, कारण उथळ जागा कुठे आहे हे जिला ठाऊक नाही तिला चाक हातात घेऊनही काही उपयोग नसतो.

जॉर्जियात भरती-ओहोटीतला फरक ७ ते ९ फुटांचा. बेटाच्या दोन्ही टोकांच्या मुखांतून भरतीचं पाणी आत येतं आणि मागच्या बाजूला मध्येच कुठेतरी एकमेकांना भिडतं. तिथे प्रवाह मंदावतो आणि गाळ खाली बसतो. हेल गेट, लिटल मड रिव्हर, जेकिल क्रीक ही नावं तुम्ही बोटवाल्यांकडून ऐकालच. अशा जागी पाणी चढत असताना, अर्ध्या भरतीच्या पुढे जावं. रुतलात तरी थोड्या वेळात पाणीच उचलून घेतं. ओहोटीत रुतलात तर बोट कलंडत जाते आणि पुढची भरती येईपर्यंत हातावर हात धरून बसावं लागतं. नवरा पडून असतानाच्या त्या दोन दिवसांत मी डोबॉय साउंडजवळ (साउंड म्हणजे जमिनीत शिरलेला समुद्राचा रुंद भाग) रात्र काढली आणि सकाळी पाणी चढायची वाट बघत नांगरावरच थांबले, मगच लिटल मड रिव्हर ओलांडली. खोली दाखवणारा आकडा एकदा ६ फुटांवर आला होता. नंतर हळूहळू वाढत गेला.

नांगराचा हिशोबही तुम्हाला स्वतःला यायला हवा. नुसती आत्ताची खोली धरून चालत नाही. ओहोटीला १० फूट पाणी, त्यावर ८ फूट भरती, बोटीचं नाक पाण्यापासून ४ फूट उंच, म्हणजे झाले २२. त्याच्या पाचपट, ११० फूट साखळी सोडायची. वारा वाढणार असेल तर सातपट.

आता कामाच्या वाटणीबद्दल, कारण बहुतेक जोडपी इथेच उलटं करतात. नवरा चाकावर आणि बायको पुढे दोर घेऊन, असं सर्रास दिसतं. खरं तर ताकद लागते ती नांगर ओढायला, दोर आवळायला, धक्क्यापासून बोट ढकलून धरायला. चाकाला नजर आणि धीर लागतो. जो अंगाने दणकट तो पुढे जावा, दुसऱ्याने चाक धरावं. आम्ही तसं केलं आणि धक्क्याला लागतानाची आमची भांडणं निम्म्यावर आली. उरलेली निम्मी इंजिनच्या आवाजामुळे होती. पुढचा माणूस ओरडतो, मागच्याला शब्द कळत नाहीत, फक्त चढलेला आवाज ऐकू येतो आणि मन दुखावतं. डोक्याला लावायचे बिनतारी हेडसेट घ्या. सगळ्या प्रवासात आम्ही घेतलेली ही सर्वांत चांगली वस्तू.

रेडिओची मला सर्वांत जास्त भीती होती. माझे उच्चार बोटींना वाट द्यायला पूल उघडणाऱ्या माणसाला कळतील का, असं वाटायचं. कळतात. बोटीचं नाव, कुठल्या दिशेने येताय आणि पूल उघडायची विनंती, एवढंच सावकाश सांगायचं. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनात पुलांसाठी १३ नंबरचा चॅनेल, साउथ कॅरोलिनापासून खाली ९, संकटासाठी १६. कित्येक पूल ठरावीक वेळेलाच उघडतात, तेव्हा वाऱ्यात आणि प्रवाहात एका जागी बोट धरून ठेवायचा सराव आधी करा. तुमची बोट शिडाची असेल तर डोलकाठीची उंची मोजून घ्या. स्थिर पुलांखाली साधारण ६५ फूट जागा असते, पण मायामीतला ज्युलिया टटल पूल ५६ फुटांचाच आहे.

मार्गाच्या कडा दाखवायला पाण्यात लावलेल्या लाल-हिरव्या खुणांबद्दल एकच गोष्ट मनात पक्की करा. दक्षिणेकडे जाताना लाल खूण उजव्या हाताला. पण मध्येच एखादी नदी किंवा समुद्राचं मुख आडवं येतं आणि तिथे रंग उलटे झालेले दिसतात, कारण त्या खुणा समुद्रातून आत येणाऱ्यांसाठी असतात. तेव्हा खुणेवरचं छोटं पिवळं चिन्ह शोधा. पिवळा त्रिकोण उजवीकडे, पिवळा चौकोन डावीकडे, मग खुणेचा रंग कुठलाही असो.

सुरुवातीला डिस्मल स्वॅम्प कालव्याने जा, असं मी आग्रहाने सांगेन. हा १८०५ साली खुला झाला आणि गुलाम माणसांच्या हातांनी खणला गेला. त्या सरळ, निःशब्द पाण्यावरून जाताना ते विसरता येत नाही. पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी, आणि वारा नसला की झाडं त्यात जशीच्या तशी उमटतात. दोन्ही टोकांना लॉक आहेत, म्हणजे बोट वर-खाली करणारे, दारं असलेले पाण्याचे हौद. पाणी आत सोडून बोट वर घेतली जाते तेव्हा दोर कसा ढिला-घट्ट करायचा, हे शिकायला यापेक्षा शांत जागा नाही. खोली मात्र जेमतेम ६ फूट आणि तळाशी बुडालेली लाकडं, त्यामुळे तुमची बोट जास्त बुडत असेल तर ग्रेट ब्रिजच्या बाजूचा दुसरा फाटा घ्या.

त्यानंतर लगेच अल्बमार्ल साउंड येतो. तो रुंद आहे आणि उथळ आहे, म्हणून थोड्या वाऱ्यातही तिथे आखूड, उभ्या लाटा उठतात आणि बोट खिळखिळी करतात. वारा पडेपर्यंत एलिझाबेथ सिटीत थांबा, मग दोन दिवस लागोत की तीन. दिवसाला ५० मैल धरले तर सगळा प्रवास तीन आठवड्यांत होईल असं गणित मांडता येतं. आम्हाला सात आठवडे लागले आणि त्यातला एकही दिवस वाया गेला असं वाटलं नाही. परतीचं विमान तिकीट आधी काढू नका. तारीख गाठायची घाई झाली की नको त्या वाऱ्यात माणूस निघतो. वादळांचा हंगाम ३० नोव्हेंबरपर्यंत असतो, तेव्हा विमा कंपनी कुठल्या तारखेआधी किती दक्षिणेला जाऊ देते तेही विचारून घ्या.

ब्रन्सविकला डॉक्टरांनी नवऱ्याला चार दिवस झोपून राहायला सांगितलं. पाचव्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा तो खुर्चीत बसून होता आणि चाक माझ्याकडेच होतं. सेंट अँड्र्यू साउंडमध्ये मार्ग समुद्राच्या अगदी तोंडाशी जातो, तिथे बोट चांगलीच डोलली. संध्याकाळी कंबरलँड बेटामागे नांगर टाकला. दुसऱ्या दिवशी छोट्या होडीतून किनाऱ्याला लागलो, तर जुन्या पडक्या वाड्यापाशी रानघोडे चरत होते. नवरा काठी टेकत हळूहळू चालत होता आणि आम्ही दोघं बराच वेळ काही न बोलता त्यांच्याकडे बघत उभे राहिलो.

तुमच्याकडे अजून उन्हाळा आहे. या शनिवारी बोट धक्क्यावरून सुटेल तेव्हा चाक तुम्ही घ्या आणि नवऱ्याला दोर सांभाळायला सांगा. पहिल्या दिवशी फक्त एक बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) ठरवून त्याच्या बाजूला बोट थांबवायची, एवढंच करा, वाऱ्याच्या दिशेने एकदा आणि वाऱ्याविरुद्ध एकदा.