सेसना घ्यायचं की नाही? आधी तास मोजू

प्रश्न : वय ५४, राहणार विलेपार्ले. वसईच्या पॅकेजिंग कारखान्यातला निम्मा हिस्सा विकला, कर भरून ५ कोटी हातात आले. कारखान्याचं काम साठीपर्यंत करणार आहे. गेल्या वर्षी धुळ्याला राहून प्रायव्हेट पायलट लायसन्स काढलं. अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडे २०१४ चं चार आसनी सेसना १७२ विमान आहे. मूळ इंजिन २,००० पैकी १,४०० तास चाललेलं, म्हणजे ६०० बाकी, भारतात आणून १ कोटी ४० लाख, वर करापोटी २८ टक्के आणि ३ टक्के सेस. हँगर, विमा, देखभाल धरून वर्षाला १३ लाख, इंधन ताशी ९ हजार. वर्षाला १२० तास उडायचं, महिन्यातून दोनदा चिपी विमानतळावर उतरून कुडाळजवळच्या घरी जायचं, असा बेत आहे. ताशी खर्च २० हजारांच्या आत बसतो. फ्लाइंग क्लबचं विमान ताशी १६ हजारांना मिळतं, पण ते आपलं नसतं. दोन वर्षांनी मुलीच्या परदेशी शिक्षणाला ८० लाख लागतील. सीए म्हणतात, विमान धंद्यासाठी म्हणून दाखवा, घसाऱ्याने कर वाचेल. विमान घ्यावं का?

उत्तर : नमस्कार. पन्नाशी उलटल्यावर पुन्हा अभ्यासाला बसून, परीक्षा देऊन तुम्ही लायसन्स मिळवलंत, याचं मला फार कौतुक वाटतं. त्यामुळे ‘हा श्रीमंती शौक सोडा’ असं मी म्हणणार नाही. तुम्ही उडत राहावं. पण हे विमान घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या कागदावर किमतीपेक्षा मला जास्त खटकला तो १२० तासांचा आकडा. जून ते सप्टेंबर कोकणावर ढग उतरलेले असतात. तुमचं उड्डाण नजरेच्या भरवशावरचं, म्हणजे व्हीएफआर. त्या चार महिन्यांत छोट्या विमानाने सह्याद्रीच्या कडेने जायचा विचारही करू नका. उरले आठ महिने. मुंबई ते चिपी हवाई अंतर साधारण ३५० किलोमीटर, सेसनाला एका बाजूला पावणेदोन तास. महिन्याला दोन फेऱ्या धरल्या तर वर्षाला ५६ तास होतात. त्यातून लग्नकार्यं, कारखान्याची कामं, सकाळचं धुकं, वेळेत न मिळालेली एअर डिफेन्स क्लिअरन्स (हवाई दलाची उड्डाणाला परवानगी) वजा करा. सूर्यास्तानंतर २० मिनिटांच्या पुढे व्हीएफआर उड्डाण सहसा चालत नाही, म्हणजे रविवारी घरचं जेवण आटोपून रमतगमत निघायचीही सोय नाही. मी ४५ तास धरतो, आणि तेही उत्साह टिकला तर.

विमान ठेवणार कुठे, हे पत्रात नाही. मनात जुहू असेल तर ते स्वाभाविक आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले होते, पार्ल्यातल्या माणसाला त्या धावपट्टीची ओढ असणारच. पण आज जुहूवर मुख्यतः हेलिकॉप्टरची वर्दळ आहे आणि शेजारीच सांताक्रूझची मोठी विमानं उतरतात. तिथे कायमची झाकलेली जागा मिळणार असल्याचं लेखी पत्र हातात नसेल तर ती मिळणार नाही असं धरून चाला. उघड्यावर ठेवायचं तर समुद्राची खारी हवा ॲल्युमिनियमला आणि वायरिंगला खाते. मग बारामती किंवा धुळे. म्हणजे कुडाळला जाण्यासाठी आधी गाडीने अडीचशे-तीनशे किलोमीटर भलत्याच दिशेला जायचं, तिथे विमान तपासायचं, इंधन भरायचं आणि मग उडायचं. तेवढ्या वेळात वंदे भारत तुम्हाला कणकवलीला पोचवते. गावी लवकर पोचणं हे कारण इथेच गळतं. उडण्याचा आनंद उरतो, आणि तो खरा आहे. पण मग त्याचा हिशेब प्रवासखर्च म्हणून मांडू नका.

आता कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून खासगी वापराच्या विमानावर जीएसटी ४० टक्के झाला आहे. तुमचा कागद जुन्या दराचा आहे. १ कोटी ४० लाखांवर किमान ५६ लाख. सीमाशुल्क त्याआधी लागतं आणि जीएसटी त्यावरही आकारला जातो, म्हणून कस्टम एजंटकडून पूर्ण हिशेब लेखी घ्या.

इंजिनची गोष्ट याहून गंभीर आहे. ‘२,००० पैकी १,४०० तास झालेत, ६०० बाकी’ असं तुम्ही लिहिलंत. या लायकमिंग इंजिनासाठी कंपनीची शिफारस २,००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल ते, अशी आहे. २०१४ चं मूळ इंजिन असेल तर बारा वर्षं २०२६ मध्ये भरतात. ब्रोकर सांगतो ते ६०० तास तुम्ही विकत घेत नाही आहात, तुम्ही ओव्हरहॉलला, म्हणजे पूर्ण उघडून नव्याने बांधायला आलेलं इंजिन घेत आहात. तुमच्याच मेकॅनिकने ओव्हरहॉलचा खर्च वाहतुकीसह ४० लाख सांगितला आहे. आणि ४५ तासांच्या वेगाने पुढच्या बारा वर्षांत जेमतेम ५४० तास होतील, म्हणजे पुढच्या वेळीही इंजिन वापराने नव्हे, वयानेच संपेल.

एकूण जोडू. १.४० कोटी, कर ५६ लाख, इंजिन ४० लाख : २ कोटी ३६ लाख. हे पैसे ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत असते तर वर्षाला साडेसोळा लाख व्याज मिळालं असतं. ते न मिळणं हाही खर्चच. तुमचे १३ लाख, पुढच्या ओव्हरहॉलसाठी दरसाल ३ लाख ३३ हजार बाजूला आणि ४५ तासांचं इंधन ४ लाख ५ हजार. जवळपास ३७ लाख रुपये वर्षाला, म्हणजे ताशी ८२ हजार. अगदी १२० तास उडालात तरी ताशी ३६ हजारांच्या पुढे. तेच ४५ तास क्लबच्या विमानात ७ लाख २० हजारांत होतात.

मित्राने अर्धी भागीदारी देऊ केली आहे, असं पत्राच्या शेवटी आहे. निम्मं केलं तरी तुमचा खर्च ताशी ४५ हजारांवर जातो. चौघांनी मिळून घेतलं तर इंजिन वयाआधी वापरानेच संपेल, म्हणून ओव्हरहॉलचे ताशी २ हजार धरले, तर प्रत्येकजण वर्षाला १४८ तास उडाला तरच कुठे क्लबच्या दराशी बरोबरी होते. इतरांना भाड्याने नेऊन वसूल करू म्हणाल, तर प्रायव्हेट लायसन्सवर मोबदला घेऊन प्रवासी नेता येत नाहीत.

सीएंचा सल्ला मला पटला नाही. विमानावर ४० टक्के घसारा मिळतो हे बरोबर, पण धंद्याच्या वापरापुरता. महिन्यातून दोन शनिवारी चिपी असं लॉगबुकात लिहिलेलं असताना तो धंद्याचा प्रवास ठरत नाही. असल्या वापराच्या विमानावर जीएसटीचं इनपुट क्रेडिटही मिळत नाही. कर वाचवायला म्हणून घेतलेलं विमान पुढे नोटिसांना उत्तरं द्यायला लावेल.

मला सगळ्यात काळजी वाटते ती साठीची. आज घरखर्च महिना पावणेदोन लाख आहे, ६ टक्के महागाईने तो सहा वर्षांनी वर्षाला ३० लाखांच्या घरात जाईल. त्यासाठी साडेआठ कोटींच्या आसपास गंगाजळी हवी. ५ कोटींतून मुलीचे ८० लाख काढून उरलेले ४ कोटी २० लाख ९ टक्क्यांनी वाढले तर ७ कोटी होतात, कारखान्याच्या मिळकतीतून बाकीचं भरून निघेल. विमान घेतलंत तर १ कोटी ८४ लाख उरतात आणि साठीला ३ कोटी ९ लाख होतात. शिवाय दरवर्षी १७ लाख रोख विमानाकडे जात राहणार, तेही त्याच मिळकतीतून. उद्या मेडिकलमध्ये रक्तदाब आडवा आला तर लायसन्स थांबेल, हँगरचं भाडं थांबणार नाही.

म्हणून असं करा. वर्षाला ९ लाख ‘उड्डाण’ या नावाने वेगळ्या खात्यात टाका आणि क्लबच्या विमानात मनसोक्त उडा. पैसे उरले तर इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी, म्हणजे नजरेऐवजी उपकरणांच्या भरवशावर उडण्याच्या परवान्यासाठी, प्रशिक्षकासोबतचे तास घ्या. तुमच्या सुरक्षिततेसाठी तो खर्च मला मालकीपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. टर्म पॉलिसी देणाऱ्या कंपनीला तुम्ही स्वतः विमान चालवता हे लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. बहुतेक वैयक्तिक अपघात विम्यांत तिकीट काढलेल्या प्रवाशापलीकडचं उड्डाण वगळलेलं असतं, ते कलमही या आठवड्यात वाचा.

ब्रोकरने मागितलेलं टोकन पाठवू नका. पुढच्या दोन हंगामांची लॉगबुकाची पानं मला पाठवा. वर्षाला शंभराच्या वर तास दिसले आणि जुहूच्या जागेचं पत्र तुमच्या हातात असलं, तर चौघांच्या भागीदारीचा करार मांडू. त्यात एकाने उडणं सोडल्यास त्याचा हिस्सा कोण, कोणत्या भावाने घेणार, हे कलम पहिलं असेल.