पगारी लीग की कॉलेज? किकर मुलाच्या आईला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा न्यू जर्सीत अकरावीला आहे. लहानपणापासून सॉकर खेळला, आता शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा किकर (चेंडूला किक मारून गुण मिळवणारा खेळाडू) आहे आणि सामन्यात त्याने 48 यार्डांवरून फील्ड गोल मारलाय, म्हणजे किक थेट पोस्टच्या मधून घातलीय. त्याला एका नव्या 'डेव्हलपमेंट लीग'ची ईमेल आली: कॉलेजची चार वर्षं कशाला घालवतोस, बारावीनंतर थेट आमच्याकडे खेळ, पगार घे, तिथून एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची सर्वांत मोठी व्यावसायिक लीग). निवड चाचणीसाठी 400 डॉलर भरायचे. मुलगा हरखलाय, त्याचे बाबा संतापलेत, आणि तुम्हाला खरं काय ते हवंय. माझा मुलगाही किकर. आम्ही या सगळ्यातून गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

पैसे भरू नका. पगार देणारी लीग निवडीसाठी मुलाकडूनच पैसे मागते, तेव्हा तिचं उत्पन्न कुठून येतं ते उघड आहे. आम्ही एका 'शोकेस'ला असेच पैसे भरले होते. 'कॉलेजचे कोच बघायला येतात' असं सांगितलं होतं. दोन दिवस मुलगा उन्हात किक मारत राहिला, एकही कोच दिसला नाही, आणि नंतर एक छापील प्रमाणपत्र आलं. पैशांपेक्षा त्याचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो.

आता मूळ मुद्दा. हायस्कूल संपल्यावर तीन पूर्ण हंगाम उलटल्याशिवाय एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, नाव देता येत नाही. ही तीन वर्षं मुलाने कुठे काढली याच्याशी एनएफएलला देणंघेणं नाही, पण दार तोवर उघडत नाही. हा नियम कोर्टात तपासून झालाय. ओहायो स्टेटचा मॉरिस क्लॅरेट पहिल्याच वर्षी, 2002 च्या हंगामात, राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणाऱ्या संघात होता. त्याने एनएफएलवर दावा लावला आणि फेब्रुवारी 2004 मध्ये जिंकलासुद्धा. मे महिन्यात अपील कोर्टाने निकाल फिरवला. तो निकाल न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांनी लिहिला, ज्या पुढे सुप्रीम कोर्टात गेल्या. या गोष्टीतला माइक विल्यम्स मात्र लोकांच्या लक्षात नसतो. क्लॅरेट जिंकला हे पाहून दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या या रिसीव्हरनेही (पास झेलणाऱ्या खेळाडूने) ड्राफ्टला नाव दिलं, एजंट नेमला. निकाल उलटला तेव्हा एनएफएलचं दार बंद झालं होतं आणि कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संस्थेने त्याला परत कॉलेजात खेळू दिलं नाही. 2004 चा अख्खा हंगाम तो घरी बसला. पुढच्या वर्षी पहिल्याच फेरीत त्याची निवड झाली, पण तो अव्वल दर्जाचा खेळाडू होता. आपल्या मुलांना एक हंगाम वाया घालवणं परवडत नाही.

मग ही तीन वर्षं पगारावर काढायची कल्पना वाईट होती का? मुळीच नाही. 2017 मध्ये एनएफएलचा दिग्गज खेळाडू टॉम ब्रेडीचे एजंट डॉन यी यांनी पॅसिफिक प्रो नावाची लीग जाहीर केली. दक्षिण कॅलिफोर्नियात चार संघ, हायस्कूल सोडून चार वर्षांच्या आतले खेळाडू, वर्षाला सरासरी 50,000 डॉलर. विद्यापीठं कोट्यवधी कमावतात आणि खेळणाऱ्या मुलाला पगार नाही, ही त्यांची तक्रार अगदी रास्त होती आणि मला ती तेव्हाही पटली होती. पण त्या लीगचा एकही सामना झाला नाही. कारण समजून घ्या. एनएफएलसाठी कॉलेज फुटबॉल म्हणजे आपल्या रणजीसारखं आहे, फक्त खर्च विद्यापीठं उचलतात. खेळाडू फुकटात तयार होऊन येत असताना एनएफएल दुसऱ्या लीगला पैसे का देईल? युरोपातली स्वतःची लीगसुद्धा त्यांनी 2007 मध्ये तोट्यामुळे बंद केली. आणि एनएफएलचा हात नसेल तर टीव्हीवर अठरा-एकोणीस वर्षांची अनोळखी पोरं बघायला प्रेक्षक बसत नाही.

त्यात 2021 पासून जमीनच सरकली. 1 जुलै 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर, जाहिरातींतून पैसे कमावता येतात. जून 2025 मध्ये कॉलेज खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या हाउस खटल्यातल्या तडजोडीला कोर्टाची मंजुरी मिळाली, आणि आता मोठी विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात; 2025-26 या पहिल्या वर्षी सगळ्या खेळांतल्या खेळाडूंना मिळून ही मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर होती. ज्या अन्यायावर पगारी लीगची कल्पना उभी होती, तो बराचसा आतूनच मिटला. बास्केटबॉलचं उदाहरण बघा. एनबीएने 2020 मध्ये हायस्कूलनंतरच्या मुलांसाठी जी लीग इग्नाइट हा पगारी संघ काढला. जॅलन ग्रीन तिथून 2021 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला, स्कूट हेंडरसन 2023 मध्ये तिसऱ्या. इतकं यश मिळूनही 2024 मध्ये संघ बंद केला, कारण आता कॉलेजातच पैसे मिळू लागले. एनबीएच्या तिजोरीवर चालणारा संघ टिकला नाही, तिथे ईमेल पाठवणाऱ्या लीगची काय कथा.

आता तुमच्या मुलासाठी सगळ्यात महत्त्वाचं. किकरचा हिशोब इतर खेळाडूंपेक्षा वेगळा असतो, आणि पगारी लीगचा किकरला खरंच उपयोग होतो. पण कधी होतो ते तीन नावांतून बघा.

ॲडम विनाटिएरी. साउथ डकोटा स्टेट विद्यापीठात खेळला, ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नाही. 1996 मध्ये वर सांगितलेल्या युरोपातल्या लीगमध्ये ॲम्स्टरडॅमच्या संघात किक मारल्या, त्याच वर्षी एनएफएलच्या न्यू इंग्लंड संघाने घेतलं, आणि तो 2019 पर्यंत खेळला. शेवटच्या हंगामात त्याचं वय होतं 46.

यंगवे कू तर तुमच्या मुलाने ओळखलाच पाहिजे. जन्म सोलचा, बारा वर्षांचा असताना आपल्या न्यू जर्सीत आला, रिजवुडच्या शाळेत खेळला. त्यालाही सॉकरची पार्श्वभूमी. जॉर्जिया सदर्न विद्यापीठात चार वर्षं, मग 2017 मध्ये एनएफएलच्या चार्जर्स संघात, आणि चार सामन्यांनंतर बाहेर. 2019 मध्ये एएएफ ही वसंतातली पगारी लीग निघाली. तिथे अटलांटाकडून त्याने मारलेले सगळे फील्ड गोल पोस्टच्या आतून गेले. त्याच वर्षी अटलांटा फाल्कन्सने त्याला घेतलं आणि 2020 च्या हंगामासाठी तो प्रो बोलला, म्हणजे एनएफएलच्या निवडक खेळाडूंच्या संघात, निवडला गेला. ती लीग मात्र फेब्रुवारीत सुरू होऊन 2 एप्रिलला आठ आठवड्यांतच बंद पडली. कित्येक खेळाडूंना घरी परतायचं तिकीट स्वतःच्या खिशातून काढावं लागलं.

आणि ब्रँडन ऑब्री. हा कॉलेजात फुटबॉल खेळलाच नाही, नोटर डेममध्ये सॉकर खेळला. सॉकरचं व्यावसायिक करिअर फळलं नाही तेव्हा सॉफ्टवेअर इंजिनिअर झाला. मग किकिंग शिकला, 2022 आणि 2023 मध्ये यूएसएफएल या वसंतातल्या पगारी लीगमध्ये बर्मिंगहॅमकडून खेळला आणि 28 व्या वर्षी डॅलस काउबॉइजमध्ये आला. कारकिर्दीची सुरुवात त्याने सलग 35 फील्ड गोलांनी केली. 'कॉलेज फुटबॉल न खेळता पगारी लीगमधून एनएफएल' याचं सगळ्यात झळझळीत उदाहरण हेच, आणि यातही कॉलेजची डिग्री आहे. ती होती म्हणून मधल्या वर्षांत घर चाललं आणि सरावाला धीराने वेळ देता आला.

तिघांनाही पगारी लीग कॉलेजनंतर भेटली. पहिल्यांदा हुकलेल्याला तिथे पुन्हा दाखवायची संधी मिळते. आज उभी असलेली मोठी वसंतातली लीग म्हणजे यूएफएल, 2024 मध्ये सुरू झालेली. पहिल्या वर्षी आठ संघ, दहा सामने, आणि संघातल्या खेळाडूला आठवड्याला किमान 5,500 डॉलर. म्हणजे पूर्ण हंगाम संघात टिकलात तर 55,000. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला हे पैसे उपयोगी आहेत. पण एका संघात किकर एकच. शिवाय त्या पहिल्या हंगामात टचडाउननंतरची (जादा गुणाची) किकच नियमात नव्हती, म्हणजे किकरला पाय दाखवायची संधी आणखी कमी. तिथे जागा मिळवणारे बहुतेक सगळे कॉलेजात तावून सुलाखून आलेले असतात. बारावी पास मुलाला ती जागा कोण देणार?

48 यार्डांबद्दल एक सांगतो, मुलाला नाउमेद करायला नाही. किक उत्तमच आहे. पण हायस्कूलमध्ये चेंडू दोन इंची ठोकळ्यावर ठेवता येतो, कॉलेजात फील्ड गोल गवतावरूनच मारावा लागतो. हायस्कूलच्या पोस्टमधलं अंतर 23 फूट 4 इंच असतं, कॉलेज आणि एनएफएलमध्ये 18 फूट 6 इंच. जवळजवळ पाच फूट कमी! माझ्या मुलाला ठोकळ्याविना पाय बसवायला एक पूर्ण उन्हाळा लागला. त्याला आजपासून ठोकळा सोडायला सांगा. आणि व्हिडिओ पाठवताना स्नॅपर (चेंडू मागे फेकणारा) आणि होल्डर (किकसाठी चेंडू धरणारा) दोघेही दिसू द्या, कॅमेरा किकरच्या मागून. नुसता गोल आत गेलेला बघून कोच निर्णय घेत नाहीत, चेंडू किती लवकर वर उठतो ते बघतात.

कॉलेजबद्दल अपेक्षाही ठेवा, पण माफक. किकरला पहिल्या दिवसापासून स्कॉलरशिप क्वचित मिळते. पूर्वी मोठ्या संघांत विनास्कॉलरशिप म्हणजे वॉक-ऑन मुलं भरपूर असायची. हाउस तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना आता फुटबॉलमध्ये 105 खेळाडूंची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे सगळ्यात आधी तिसऱ्या-चौथ्या किकरची जागा गेली. रटगर्ससारख्या मोठ्या विद्यापीठाचं स्वप्न असू द्या, पण मॉंटक्लेअर स्टेट, रोवन, टीसीएनजे, कीन हीसुद्धा बघा. ही न्यू जर्सीतलीच, एनसीएएच्या डिव्हिजन तीनची (सर्वांत खालच्या गटाची) आहेत. खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत, अभ्यासावर मदत मिळू शकते, आणि मुलाला शनिवारी खऱ्या सामन्यात किक मारायला मिळते. मोठ्या संघाच्या बाकावर चार वर्षं बसण्यापेक्षा हे किकरसाठी चांगलं, असं माझं ठाम मत आहे. ज्युनिअर कॉलेजचाही (इथलं दोन वर्षांचं कॉलेज) रस्ता आहे. एनएफएलचा दिग्गज ॲरन रॉजर्स कॅलिफोर्नियातल्या ब्यूट कॉलेजातून वर आला.

एक धोका वेगळा लिहितो, कारण तो मुलांना दिसत नाही. फुटबॉलमध्ये व्यावसायिक करार केला की कॉलेज फुटबॉलचं दार बंद होतं, असंच धरून चला. 2025 मध्ये बास्केटबॉलच्या जी लीगमधून आलेल्या काही मुलांना एनसीएएने खेळू दिलं, नियम हलताहेत हे खरं. पण त्या भरवशावर कागदावर सही करू नका. दुसऱ्या खेळातला पगार मात्र आड येत नाही. क्रिस वाइन्के आधी बेसबॉलमध्ये पगारी खेळला, मग फ्लोरिडा स्टेटमध्ये येऊन 2000 ची हाइसमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) 28 व्या वर्षी जिंकला.

आणि ताई, तुम्ही ओझरतं लिहिलंय की मुलगा चार वर्षांचा असताना नाशिकहून आलात आणि ग्रीन कार्ड अजून आलेलं नाही. मला वाटतं सगळ्या उत्तरात हाच भाग तुमच्यासाठी सर्वांत मोठा आहे. मुलगा एच-4 वर (कामाच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाला मिळणारा व्हिसा) असेल तर त्याला पगार घेताच येत नाही, कुठल्याही लीगचा. लीगने कामाचा व्हिसा काढून द्यावा लागेल, आणि अनोळखी किकरसाठी तो खटाटोप कोणी करत नाही. कॉलेजात शिकायला आणि संघात खेळायला एच-4 ची अडचण नाही, स्कॉलरशिपही घेता येते. पण जाहिरातीचे, विद्यापीठाच्या वाटपाचे पैसे त्याच्या अमेरिकन मित्राला मिळतील आणि त्याला नाही. पुढे एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर गेला तरी हे प्रश्न सुटत नाहीत. त्याला हे आत्ताच, घरात, शांतपणे सांगा. आमच्या मुलाला आम्ही उशिरा सांगितलं, आणि त्याला वाटलं आम्ही लपवलं.

शिवाय एकवीस पूर्ण झाले की, कॉलेजात असला तरी, तुमच्यावर अवलंबून असलेला दर्जाही जातो. मग इथे राहायला दुसरा आधार लागतो, आणि विद्यार्थी म्हणून राहणं हाच बहुतेकांना हाताशी असतो. म्हणून कॉलेजचा प्रवेश तुमच्या घरात फक्त फुटबॉलचा विषय नाही. इमिग्रेशन वकिलाचा एक तास घ्या, 400 डॉलर तिथे खर्च करा. एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरवर मुलाचं नाव घातलंय का तेही बघा. अकरावीत ते व्हायला हवं, कारण ठरावीक विषय आणि गुण त्यात तपासले जातात.

मुलाचे एकवीस कधी पूर्ण होतात आणि तुमची प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख) काय आहे, एवढं कळवा. त्याचा ठोकळ्याविना मारलेल्या किकचा व्हिडिओही पाठवा. माझा मुलगा बघून त्याला थेट लिहील, तो या सुट्टीत घरीच आहे.